दिवसभर काय केलं?

गांगुर्डेबाईंच्या नाकावर कायम राग असायचा, आणि मला तो आवडायचा. सकाळी कॉलनीच्या नळावर भांडून पाणी भरायचं आणि मग कचेरीत येऊन साहेबांशी भांडायचं, हा त्यांचा नेम. नाशिकच्या त्या कचेरीत आम्ही दोघी हंगामी नोकरीला होतो. साल एक्क्याऐंशी. जिल्ह्यातली माणसं आपला वेळ कशात घालवतात याची मोठी पाहणी व्हायची होती, आणि तिचे प्रश्न खेड्यात तपासून बघायचं काम आमच्याकडे आलं होतं.

साहेबांचं म्हणणं, घरातल्या कर्त्या पुरुषाने सगळ्यांचं सांगावं. गांगुर्डेबाई पेटल्या. "बाईचं काम बाईलाच विचारायचं!" शेवटी साहेब म्हणाले, "एक गाव देतो. बायकांना सांगता आलं नाही, तर विषय संपला."

घोटीजवळच्या गावात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. फुलाबाई चिखलाच्या पायांनी नुकतीच घरी आलेली, कडेवर पोर. साहेब खाटेवर ऐसपैस बसले. गांगुर्डेबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला, "काल तुम्ही दिवसभर काय केलं?"

फुलाबाईचा चेहरा पडला. "काय नाय. घरीच व्हते."

ठमाबाईकडे तेच. शकुबाईकडे तेच. साहेब असे गालात हसत होते की त्यांना बांधावरून चिखलात ढकलून द्यावंसं वाटलं. गांगुर्डेबाई तर बायकांवरच उखडल्या. "यांच्यासाठी मी भांडले, आणि यांचीच दातखीळ बसली!"

जीपकडे परतताना फुलाबाईच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. तिचा नवरा बहिरू शेतावरून आला होता. "अजून भाकर नाय? दिवसभर काय केलं गं?"

"काय नाय," फुलाबाई खाली मान घालून म्हणाली.

गांगुर्डेबाई जागीच थांबल्या. "साहेब, ऐकलंत? आपण विचारत नव्हतो, झापत होतो! कोणी लिहिला हा प्रश्न?"

प्रश्न साहेबांनीच लिहिला होता.

बाई तडक आत गेल्या. "फुलाबाई, उद्या मी तुम्हाला नाशिकला घेऊन गेले, तर मागं काय काय अडेल?"

"मला कसं येता यील, बाई? पानी कोन आननार? गुरं हायेत, म्हातारीला उठवाया-बसवाया लागतं, पोर लय रडतं, आन रोपं कोन लावनार?" ती थांबेचना. बहिरूकडे बघून म्हणाली, "आन ह्यांची भाकर!"

साहेब मागोमाग दारात आले होते. "ठरलेल्या शब्दांत विचारलं नाही. हे उत्तर धरता येणार नाही."

"मग तुमचा प्रश्न तुमच्या बायकोला विचारा," गांगुर्डेबाई कडाडल्या. "याच शब्दांत विचारा, आणि संध्याकाळी जेवायला मिळतं का बघा!"

पुढच्या महिन्यात गांगुर्डेबाईंची नेमणूक संपली, ती परत झालीच नाही. पाहणी मात्र साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे झाली. त्या गावात मलाच पाठवलं. फुलाबाई पाणी घेऊन दारात उभी होती, आणि मी तिच्या दिवसाबद्दल बहिरूला विचारत होते.