मक्केची भेट, जावाची शिलाई

इंडोनेशिया मी कधी पाहिला नाही. पण त्या देशाचं बरं चाललंय की ओढाताण चाललीय, हे सौदीतल्या जेद्द्याच्या बलद बाजारातल्या दुकानात उभ्या उभ्या मला कळायचं. हजला आलेल्या तिकडच्या बायका जानमाजला, नमाजाच्या चटईला, हात लावून लगेच मागे घेऊ लागल्या की समजावं, त्यांचा रुपया घसरलाय. तेच कापड चिमटीत धरून, दारात उजेडाला नेऊन 'सुती नाही का?' असं विचारू लागल्या की समजावं, घरी दिवस बरे आलेत. आमच्या मालकाला, म्हणजे ज्याच्या नावावर माझा परवाना होता त्या कफीलला, यातलं काही उमगत नसे. तो फक्त संध्याकाळी गल्ला बघायचा.

जावातल्या खेड्यातून माणूस हजला निघतो तेव्हा सगळा गाव निरोपाला येतो, आणि तो परतला की तोच गाव पुन्हा दारात. प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. आमच्या रत्नागिरीकडेही हाजी आला की खजूर आणि घोटभर जमजमचं पाणी देतात, पण ही माणसं डझनावारी भेटी नेत. त्यांच्यासाठी मी त्यांची भाषा शिकलो होतो. शिवाय एक गठ्ठा मीच काढला होता: जानमाज, तसबीची जपमाळ, टोपी आणि तीन खजुरांची पुडी, सगळं हिरव्या फितीनं बांधलेलं. माल चीनचा. लेबलं मी सकाळी नखानं सोलून काढायचो आणि त्यात मला काही वावगं वाटत नसे. मक्केच्या वाटेवर घेतलं ते मक्केचंच, असं मी म्हणायचो आणि गिऱ्हाईकही मानायचं.

दिवस सौदीकरणाचे होते. दुकानात विकायला सौदी माणूसच हवा, असा नियम आला. माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता हमालाचा, आणि हमालानं गिऱ्हाइकाशी बोलायचं नसतं. तपासणीवाले गल्लीत शिरले की मी माळ्यावर जाऊन खोकी रचायचो. मग एक दिवस कफीलनं एक सौदी बाई आणून गल्ल्यावर बसवली. नकाबातली, माझ्याच वयाची, नवरा गेलेली. मला म्हणाला, "हिला काम दाखव."

माझ्या मनात पाल चुकचुकली. काम दाखव म्हणजे तुझी जागा रिकामी कर, एवढं अरबी मला समजत होतं. नोकरी गेली तर इकामा गेला, आणि इकामा गेला की बायको आणि मुलगीही परत. मुलगी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये नववीत होती. दहावीच्या तोंडावर तिला उचलून गावी न्यायचं, हे मला काही केल्या होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून त्या बाईवर मी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. ती फोनवर फार बोलायची, आणि मी जवळ गेलो की आवाज खाली यायचा. मालाचे फोटो काढायची. मी गिऱ्हाइकाशी जावाच्या बोलीत बोलायला लागलो की मान कलती करून ऐकायची, म्हणून मी मुद्दाम भराभर बोलायचो. गल्ला मात्र एका रियालानंही चुकायचा नाही. त्याचाच मला जास्त संशय यायचा.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमाला सगल्यांवरच शक. येक दिस आरशातल्या मानसावर पन घ्याल."

मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "अब्बा, मेरा बोर्ड है अगले साल. मैं कहीं नहीं जा रही."

त्या सगळ्या काळात विश्वासाचं एकच माणूस माझ्याकडे होतं. इंडोनेशियाची एक बाई. उमऱ्याचे, म्हणजे हजच्या मोसमाबाहेरच्या यात्रेचे, जथे घेऊन ती वर्षातून दोन-तीनदा यायची आणि अख्खी बस माझ्याच दुकानात उतरवायची. मला 'अबांग' म्हणायची, म्हणजे दादा. तरुणपणी ती जेद्द्यातच एका घरी मोलकरीण होती. त्यांच्या गावातल्या निम्म्या बायका तेव्हा अशाच बाहेर होत्या, आणि गावातलं प्रत्येक सिमेंटचं घर कुणाच्या तरी धुण्याभांड्यावर उभं राहिलं होतं. पुढे त्यांच्या सरकारनं इकडे मोलकरणी पाठवणं बंद केलं. तेव्हा मला वाटलं होतं, संपला तो देश. ती मात्र हसून म्हणाली होती, "अबांग, आता आम्ही घरीच काहीतरी करू."

मी तिला चहा पाजायचो. ती प्रत्येक वस्तूचा एकेक नग घ्यायची आणि विचारायची. मशिदीच्या इमामासाठी लोक कोणता नेतात? शेजारणीसाठी कोणता रंग? खजूर तीनच का? मी खुशीत सगळं सांगायचो. इतकी वर्षं धंदा केला, पण माझ्या अकलेची चौकशी दुसऱ्या कुणी केली नव्हती. नमुन्याचे दोन-चार नग तर मी असेच देऊन टाकले.

एकदा ती गेल्यावर गल्ल्यावरची बाई अरबी रिवाजाप्रमाणे भाऊ म्हणत बोलली, "अखी, ही विकत घेत नाही. ही मापं घेते. जानमाजवर वीत टाकताना मी पाहिली."

मला मिरच्या झोंबल्या. मीही बहीण म्हणत सुनावलं, "उख्ती, तुम्ही गल्ला सांभाळा. गिऱ्हाईक मी सांभाळतो." मनात म्हटलं, हिला माझी गिऱ्हाइकं तोडायची आहेत. तो गठ्ठा मग मी गल्ल्यापासून लांब, आतल्या फळीवर ठेवायला लागलो.

पुढच्या हजला बसेस आल्या, माणसं आली, दुकानभर फिरली आणि रिकाम्या हातानं निघाली. कापड चिमटीत धरून बघत होती, म्हणजे तंगी नव्हती. घोडं कुठं अडलंय तेच कळेना. शेवटी एका म्हाताऱ्याला मी विचारलंच. तो संकोचला आणि म्हणाला, "विमानात वजन चालत नाही. आमच्या भेटी घरी आधीच आल्यात. मी निघायच्या आधीच खोकी उतरली. सून गावात वाटून टाकेल." त्यानं फोनवर फोटो दाखवला. खोक्यात गठ्ठे होते. जानमाज, तसबी, टोपी, खजुराची पुडी, हिरवी फीत. "शिलाई आमच्याकडचीच," तो अभिमानानं म्हणाला, "बाजूच्याच गावातली. पन्नासेक बायका शिवतात. सगळ्या आधी इकडे मोलकरणी होत्या."

मी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसलो. मला राग आला, खूप आला. जथे आणणाऱ्या त्या बाईचा आणि त्याहून जास्त माझा. चोरावर पहारा म्हणून मी वर्षभर भलत्याच माणसासमोर उभा होतो. आणि खरं सांगायचं तर त्या बाईला चोर तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? चीनचं लेबल सोलून मी मक्केचं म्हणत होतो. तिनं निदान शिवलं तरी होतं.

हज संपल्यावर कफीलनं दोन वाक्यांत निकाल लावला. दुकान खलास. जागा मोबाइलवाल्याला दिली. मला म्हणाला, मुलीची शाळा असली तर सुट्टी लागेपर्यंत बघू, नाहीतर आताच जा. मुलगी तेव्हा दहावीत आली होती, आणि परीक्षा सुट्टीच्या बऱ्याच आधी होती खरी, पण या माणसाच्या 'बघू'वर मी कधीच भिस्त ठेवली नव्हती.

मी माळ्यावर खोकी बांधत होतो तेव्हा सौदी बाई जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "खाली ये. बोलायचंय." तिनं कर्ज काढलं होतं. पलीकडच्या गल्लीत स्वतःच्या नावावर गाळा घेतला होता. वर्षभराचे फोन त्यासाठीच चालले होते. जावाच्या बायका नमाजाला घालतात ते पांढरे झगे आणि जानमाज तिकडून मागवून ती इथल्या बायकांना विकणार होती. "ती तुझी जथेवाली चांगलं शिवते," ती म्हणाली. "पण तिच्याशी तिच्या भाषेत घासाघीस करणारा माणूस मला हवा. तुझा इकामा माझ्या नावावर करून घेते. गुरुवारपर्यंत सांग."

म्हणजे आता इंडोनेशियाच्या त्या बाईला फोन करायचा, ताई म्हणायचं, तिच्याकडून माझाच गठ्ठा विकत घ्यायचा. घरी मी यातली खोच शोधत बसलो. ही नंतर मला हाकलेल का? कर्ज बुडवून माझ्या गळ्यात टाकेल का? मुलगी आतल्या खोलीत मोठ्यानं पाठ करत होती. बायको म्हणाली, "आता तरी हो बोला."

गुरुवारी मी गेलो. हो म्हणायच्या आधी मला राहवलं नाही. विचारलं, "उख्ती, मीच का? बलदमध्ये ती भाषा येणारे आणखी आहेत."

"वर्षभर तू माझ्यावर नजर ठेवलीस," ती म्हणाली. "पाणी प्यायला उठले तरी. इतकं लक्ष देणारा नोकर मला कुठं मिळणार? आता तेवढं गिऱ्हाइकावर ठेव."

माझे कान तापले. मी हो म्हटलं. तिनं गाळ्याचं शटर वर केलं, आतली जागा दाखवली, माझं टेबल कुठं येईल ते सांगितलं. जाताना शटर ओढून कुलूप तिनं स्वतः लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.