गिअरबॉक्स तिसऱ्यांदा उतरवला तेव्हा

माझे सासरे गिअरबॉक्सचे कारागीर. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकांचे गिअरबॉक्स उघडले आणि आता अडुसष्टाव्या वर्षी सुनेच्या शर्यतीच्या गाडीचा उघडतात. सून म्हणजे मी. आठवडाभर शाळेत गणित शिकवते आणि रविवारी चारशे मीटरच्या सरळ पट्टीवर गाडी पळवते. दिवा हिरवा झाला की दाबायचं, एवढंच. लग्न ठरताना हे लपवून ठेव म्हणून आईने मला बजावलं होतं. मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी विचारलं, "पहिला गिअर सोडताना खडखडतो का गं?" मी तेव्हाच या घरात यायचं ठरवलं.

खाली वर्कशॉप आणि वर स्वयंपाकघर, असं आमचं घर. सासरे गिअरबॉक्स उघडतात तेव्हा सासूबाईंची जुनी चादर जमिनीवर अंथरतात आणि सुटा केलेला एकेक भाग ओळीने मांडत जातात. ती ओळ ओलांडली तर घरात भूकंप होतो. ऑइल ते स्वयंपाकघरातल्या वाटीत काढतात, उन्हात धरतात, बोटाने ढवळतात आणि बघत बसतात. "माझ्या वाट्यांचा सेट तुमच्यामुळे कधी पुरा होत नाही," असं सासूबाई तीस वर्षं म्हणत आल्यात. नट निघत नसेल तर सासरे त्याला रुसलेल्या जावयासारखं समजावतात. "उठा आता, फार मानपान झाला!" नट उठतोही.

पण गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरायला लागले. चहा बशीत जास्त आणि कपात कमी राहू लागला. आणि नेमकं त्यातच माझ्या गाडीचं दुखणं सुरू झालं. नव्या मोसमात चारपाच धावा झाल्या की तिसऱ्या गिअरला सीट अशी थरथरायची की माझे दात वाजायचे, आणि गाडीखाली ऑइलचा ओघळ दिसायचा. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला. मागचा बुश, म्हणजे बाहेर येणाऱ्या शाफ्टला सरळ धरून ठेवणारी पितळी बांगडी, झिजून लंबगोल झालेला. वाटीतल्या ऑइलमध्ये पितळेचा चुरा चमकत होता. नवा बुश, ऑइल अडवणारं नवं सील. पाच धावांनी पुन्हा तेच. पुन्हा उतरवला, पुन्हा बुश. पुढच्या पाच धावांनी परत ओघळ.

त्या शुक्रवारी जेवताना ते म्हणाले, "एकदा बिघडलं तर माल वाईट. दुसऱ्यांदा बिघडलं तर कारागीर वाईट. उद्या तिसऱ्यांदाही बुशच गेलेला निघाला, तर मी पाना खाली ठेवणार."

"बाबा, बुशच खराब मिळत असतील," नवरा म्हणाला.

"दोन वेगळ्या दुकानांचे?" त्यांनी दोन्ही हात ताटावर धरून आम्हाला दाखवले. "हे बघ ना. हे हात बुश सरळ बसवतील?"

मला भयंकर राग आला आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना.

शनिवारी सकाळी गिअरबॉक्स उतरला. बुश लंबगोलच. सासऱ्यांनी पाना खाली ठेवला आणि ते पालथ्या खोक्यावर बसले. काहीतरी करायचं म्हणून मी गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट पुसायला घेतला.

"बाबा, याचं हे टोक तुम्ही पॉलिश कशाला करता?"

"कुठलं टोक?"

"हे, मागचं. नव्या नाण्यासारखं चमकतंय."

"त्याला कोण पॉलिश करेल? तिथे काहीच लागत नाही."

"मग काहीतरी लागतंय."

सासरे खोक्यावरून असे उठले की खोकं कलंडलं. त्यांनी ते टोक उजेडात धरलं, नखाने खरवडलं, भिंग लावून पाहिलं. गिअरबॉक्सच्या या शाफ्टवर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचं तोंड बसतं, हातावर बाही चढावी तसं. गाडी खालीवर झाली की ती बाही मागेपुढे सरकते. म्हणून आत दोन बोटं जागा मोकळी ठेवायची असते.

"हे टोक मी दोनदा पुसलं," ते हळूच म्हणाले. "आणि दोन्ही वेळा बघत होतो ती माझ्या हाताची चूक."

मग त्यांच्या अंगात वारं भरलं. जुनाच बुश ठेवून त्यांनी दुपारपर्यंत सगळं परत जोडत आणलं आणि जिन्यात उभं राहून ओरडले, "अगं, पिठाचा एक गोळा टाक खाली!"

"कशाला?"

"गाडीला!"

सासूबाई पिठाच्या हातांनीच खाली आल्या. सासऱ्यांनी मळलेल्या पिठाचा जाडजूड गोळा लांब शाफ्टच्या तोंडात ढकलला, शाफ्ट जोडला, गाडी लिफ्टवरून चाकांवर उतरवली. सुरुवातीच्या झटक्याला गाडी मागे बसते, तसं वजन मागे हवं होतं. मी आणि नवरा डिकीवर चढलो. गाडी पुरेशी दबेना.

"तूही बस," ते सासूबाईंना म्हणाले.

"मला वजनाला बोलावताय?"

"पस्तीस वर्षं माझ्या डोक्यावर बसलीस, आज दोन मिनिटं डिकीवर बस."

सासूबाई बसल्या, आणि बसून उड्याही मारल्या. गाडी खाली दबली. शाफ्ट काढला तेव्हा दोन बोटं जाडीचा तो गोळा आरपार दिसेल इतका पातळ झाला होता. बाकीचं पीठ खाचांमधून बाहेर आलं होतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" सासरे ओरडले. "शाफ्ट लांब आहे! गाडी मागे बसली की हा गिअरबॉक्सच्या पोटात ढुशी मारतो. बिचारा बुश काय करेल? याचं माप कोणी घेतलं होतं?"

नवरा छताकडे बघायला लागला. मोसमाआधी आम्ही मागचा अॅक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा दांडा, बदलला, तेव्हा नवा शाफ्ट त्याने लेथवर बनवला होता. पण माप दिलं होतं मी.

"मी घेतलं," मी म्हणाले. "तीनदा मोजलं. मिलिमीटरपर्यंत बरोबर आहे."

"गाडी कुठे होती?"

"लिफ्टवर."

"आणि चाकं?"

चाकं लोंबत होती. लोंबणारा अॅक्सल लांब जातो, गाडी जमिनीवर आली की जवळ येतो, आणि अर्ध्या गुणासाठी मुलांना रडवणाऱ्या बाईंना हे सुचलं नव्हतं. मला हुंदकाच फुटला. "बाबा, माझ्यामुळे तुम्ही इतके दिवस स्वतःला..."

ते ऐकतच नव्हते. ते चादरीवर फतकल मारून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "हात ठीक आहेत माझे! अगं ऐकलंस का? थरथरतात, पण ठीक आहेत!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गणिताच्या बाई, झाडाला लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायजम्याचं माप घेतात होय?"

संध्याकाळपर्यंत नवऱ्याने शाफ्ट तीस मिलिमीटर कापून जोडला आणि तोल तपासून दिला. माप गाडी चाकांवर उभी असताना घेतलं. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं सासऱ्यांनी. टेप हलत होती. आम्ही ती स्थिर होईपर्यंत थांबलो, एवढंच. नवा बुश मात्र त्यांनी कोणाला बसवू दिला नाही.

रविवारी चार धावा झाल्या. तिसऱ्या गिअरला सीट गप्प. पाचवीला मी दात घट्ट आवळून बसले होते. पट्टी संपली आणि माझ्या लक्षात आलं की मी एकटीच हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने हसतेय.

परत आले तर सासरे चादर घेऊन उभेच होते. गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावेपर्यंत त्यांना दम निघेना. ते खाली शिरले. नुसते पाय दिसत होते. सासूबाई त्या पायांकडे एकटक बघत होत्या. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि सीलवरून फिरवलेलं बोट त्यांनी आमच्यापुढे धरलं. बोट थरथरत होतं आणि कोरडं ठणठणीत होतं.

"सोमवारी क्लच उतरवू," ते म्हणाले.

"क्लचला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. पण एकदा बघून ठेवतो. पुढची दहा वर्षं हे सगळं मलाच सांभाळायचंय."