दहाचा फोन

सावंगीतल्या माझ्या खोलीत दिवसातून एकदा माणसाचा आवाज यायचा. सकाळी दहाच्या सुमारास, आणि तोही फोनमधून.

"भाऊ, येता का नाई जेवाले?"

"येतो, ताई."

संपलं, पडदा. पण एवढ्याशा नाटकासाठी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, घसा साफ करून बसलेला असायचो. ते त्या बाईंना ठाऊक नव्हतं.

आईच्या उपचारासाठी इथे दवाखान्याजवळ खोली घेतली होती. आई गेली, खोली राहिली. माझं काम संगणकाचं. कंपनी लांबच्या शहरात, तिथल्या लोकांशी बोलणं सगळं टाइप करून. मागच्या गल्लीत ताईंची मेस. आईसाठी डबा त्यांच्याकडूनच जायचा, नंतर मी तिथे जेवू लागलो. डॉक्टरकी शिकणारी पोरं, दवाखान्यातल्या काही नर्स आणि मी, असे आम्ही जेवणारे. अन्न वाया गेलेलं ताईंना खपत नसे, म्हणून त्या रोज एकेकाला फोन करून विचारत. हाताने पोळी लाटायची, आणि मान वाकडी करून फोन खांद्याशी दाबायचा. एकदा अशा फोनाफोनीत वरण करपलं. मला हुशारी दाखवायची खोड. म्हणालो, "ताई, एवढी कसरत काऊन करता? मी तुमाले मोबाइलवर करून देतो."

करून दिलं. सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर प्रश्न जाणार, ते 'हो' किंवा 'नाही'चं बटन दाबणार, दहाला ताईंच्या मोबाइलवर यादी हजर. ताई खूश, पोरं खूश. मी शर्ट घालून बसलो आणि दहा वाजून गेले. फोन आला नाही. येणार कसा? तो मीच बंद करून आलो होतो.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो, घाबरू नका. हे प्रश्न पाठवणारा आणि यादी करणारा कोड मी हाताने लिहिला नव्हता. काय विचारायचं, कोणती उत्तरं चालतील, एवढं एका फाइलीत सांगायचं, की एक साधन सगळा कोड आपणच लिहून देतं. वर ताकीदही लिहितं, की ही फाइल आपोआप बनली आहे, हिला हात लावू नये. आणि त्या साधनाचा स्वभाव असा, की ज्याने उत्तरच दिलं नाही त्याचं 'नाही' धरायचं. सकाळी उशिरा उठणारी पोरं त्यामुळे दुपारी मेसवर येऊन उपाशी परत जाऊ लागली.

मला आयतं कारण मिळालं. ताईंना म्हटलं, "पोरांचे हाल होऊन राह्यले. ज्यानं उत्तर नाई दिलं त्याच्या नावासमोर मी प्रश्नचिन्ह टाकून देतो. तेवढ्यांनाच फोन करत जा." हे हाताने दुरुस्त करून भागत नव्हतं. प्रश्नात भाजीही लिहिलेली असे, ती ताईंनी बदलली की कोड नव्याने बनवावा लागे आणि माझी दुरुस्ती पुसली जाई. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कोड बनला की तिने तो ओळीओळीने वाचायचा, ती 'नाही'वाली ओळ शोधायची आणि तिथे माझी ओळ बसवायची. पोरं जेवू लागली. मी मात्र बटन दाबणं सोडून दिलं. दहाला फोन वाजू लागला.

"भाऊ, बनवणारेच विसरते का बटन दाबाले?"

"कामात होतो, ताई."

परीक्षा संपल्या, पोरं गावी गेली. ताईंनी दोन भाज्यांची एक केली. मी कोड नव्याने बनवला, स्क्रिप्ट चालवली आणि निवांत झालो. दुसऱ्या दिवशी फोन नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी रुसलो. आपल्याला एक साधा फोन करायला यांना वेळ नाही, तर आपण तरी का जायचं? खोलीत चिवड्यावर कांदा चिरून खाल्ला. प्रेक्षक नसताना रुसून बसण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. कढी-भाताच्या वासाने अखेर मीच हरलो आणि मेसवर गेलो.

"या," ताई म्हणाल्या. "नाई म्हणणारे आले."

"मी कधी नाई म्हटलं?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. माझ्या नावासमोर रोज 'नाही'. "सयपाक आवडत नसन त तोंडानं सांगा ना, भाऊ. मशीनीतून काऊन सांगता?"

मला तिथेच उलगडलं. साधनाची नवी आवृत्ती आली होती आणि ती 'नाही'वाली ओळ आता जरा वेगळी लिहीत होती. माझी स्क्रिप्ट जुनीच ओळ शोधत राहिली, ती सापडली नाही, आणि ब्र न काढता स्क्रिप्ट निघून गेली. नर्सबाया न चुकता बटन दाबतात, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी वाट्या मांडून ताईंना समजावलं, ही वाटी साधन, ही वाटी स्क्रिप्ट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोन्ही वाट्यांत कढी वाढली.

"म्हंजे तुमी मुद्दामच बटन दाबत नव्हते?"

"ते पोरांसाठी..."

"पोरं गावाले गेले, भाऊ."

मी कढीची वाटी तोंडाला लावली. त्या पोळी भाजता भाजता म्हणाल्या, "मले सांगाचं ना. मी असाच केला असता फोन."

"कायच्यासाठी?"

"असाच."

घरी येऊन स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ओळ सापडली नाही तर ती तिथेच अडून बसते आणि मला सांगते. पण 'असाच' हा शब्द डोक्यातून जाईना. लोक बोलतात तसं. आईच्या तेराव्यालाही पुष्कळ जण म्हणाले होते, येऊन जाऊ असेच कधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न आल्याबरोबर मी 'हो'चं बटन दाबलं. आता यादीत माझ्या नावासमोर प्रश्नचिन्ह नव्हतं, फोनचं कारणही नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. दहा वाजले. खाली भंगारवाला ओरडत आला आणि ओरडत गेला. मी शर्टाचं वरचं बटन काढलं. मग दुसरंही काढायला लागलो, तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊ, तुमच्या नावासमोर 'हो' दिसून राह्यलं आज," ताई म्हणाल्या. "तब्येत बरी हाय ना तुमची?"

मी जरासं खोकून दाखवलं.