तासगावचं गाड्यांचं प्रदर्शन आणि कमानीबाहेर राहिलेली जीप

"आमच्या गल्लीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन हाय. न्हाई आलीस तर मला मामा म्हणू नगंस," असा तासगावहून फोन आला आणि माझी रविवारची झोप गेली. माझे मामा फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. लिलावातली एक खटारा जीप घेऊन त्यांनी ती स्वतः खोलली, जोडली, रंगवली. एवढा खटाटोप कशासाठी, तर मामींना शेजारी बसवून प्रदर्शनाच्या कमानीखालून मिरवत जायचं. लग्नाच्या वेळी सुट्टी संपली होती, मांडवातून मामा थेट स्टेशनवर गेले. वरात राहिली ती राहिलीच. मामी कधी बोलल्या नाहीत, पण मामा विसरले नव्हते.

साताऱ्यातून भल्या पहाटे निघा, म्हणजे मलकापूरच्या पुलाच्या कामात अडकणार नाही. मी उशिरा निघाले, अडकले आणि वेळेची पार वाट लागली. कराड सोडून पलूसमार्गे वळलात की रस्ता छान आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांमागे धीर धरा. वाटेत मिसळ खा. सोबत ताक मागून घ्या, कारण तिथे तिखट विचारून घालत नाहीत.

तासगावात गाडी शाळेच्या मैदानावर लावली. पार्किंग फुकट, सावली नाही. गल्लीच्या तोंडाशी चौक आहे आणि द्राक्षांचे ट्रॅक्टर बागेतून बेदाण्याच्या शेडकडे याच चौकातून जातात. हंगाम ऐन भरात होता. "ट्रॅक्टर एक मिनिट थांबणार न्हाई," असा शब्द मामांनी बागायतदारांना दिला होता आणि त्यावरच प्रदर्शनाला गावाची संमती मिळाली होती. मामा गळ्यात शिट्टी अडकवून उभे. गाड्या एका बाजूने आत, माणसं दुसऱ्या बाजूने, चहाच्या टपऱ्या मागे. आराखडा अगदी फौजी होता.

पण आपल्याकडे सत्कार केल्याशिवाय कुणाला आत घेतात का? प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी सत्काराचं टेबल नेमकं गल्लीच्या तोंडाशी उभारलेल्या कमानीखालीच मांडलं. प्रत्येक गाडी थांबणार, मालकाला फेटा, शाल, नारळ, मग फोटो. मालकाचे मेहुणे फोटोत आले नाहीत म्हणून पुन्हा फोटो. मी हसत बघत होते, तोवर रांग चौक ओलांडून बसस्थानकाच्या रस्त्याला लागली. आणि बागेकडून आलेले ट्रॅक्टर अडकले.

"आवं सुभेदार, माल तापाय लागलाय," पुढच्या ट्रॅक्टरवरचा गडी ओरडला. "शब्द दिल्ता तुमी!"

मामांनी अध्यक्षांना गाठलं. "टेबल आत गल्लीत न्या."

"आन ज्यांचा राहिलाय त्यांचा अपमान व्हायचा की!"

तेव्हा मामी पुढे आल्या. नवी पैठणी, केसात अबोलीचा गजरा. त्यांनी टेबलावरची फेट्यांची परडी सरळ उचलली आणि म्हणाल्या, "सत्कार जाग्यावर जाऊन करू. गाड्या हलवा." परडीमागे बायका गेल्या, बायकांमागे नारळ, नारळांमागे अध्यक्ष. रांग सरकू लागली.

तरीही बसस्थानकाकडून नव्या गाड्या चौकात घुसतच होत्या. पोलिसांचं बॅरिकेड लोक सरकवून टाकत होते. मामांनी एकदा आपल्या जीपकडे पाहिलं, किल्ली काढली आणि जीप त्या रस्त्यावर आडवी लावली.

"मामा, माझी लावते ना!" मी म्हणाले.

"तुझी गाडी चार माणसं उचलून बाजूला ठेवतील. हिला कोन हलवत न्हाई." मग मामींकडे न बघता म्हणाले, "शेवटचा ट्रॅक्टर गेला की जाऊ आपण कमानीतनं."

मामी जीपमध्ये जाऊन बसल्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मी प्रदर्शन पाहिलं, खोटं कशाला सांगू, मजा आली. नऊवारी नेसलेल्या एक आजी लाल मोटारीच्या बॉनेटला टेकून फोटो काढून घेत होत्या आणि उसाच्या रसाच्या गाडीवर मोटारींपेक्षा जास्त गर्दी होती. पण दर थोड्या वेळाने माझी मान चौकाकडे वळायची. मामा शिट्टी मारत होते. ट्रॅक्टर जात होते आणि जाताना प्रत्येक गडी द्राक्षांचा एक घड मामींच्या ओटीत टाकत होता.

शेवटचा ट्रॅक्टर गेला तेव्हा उन्हं कलली होती. मामा जीप वळवून गल्लीशी आले, तर कमान जमिनीवर आडवी. मंडपवाल्याला दुसरीकडे लग्न होतं. बांबू ट्रकमध्ये चढत होते. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले.

तेवढ्यात शेडकडून रिकामे ट्रॅक्टर परतले. मघाशी ओरडलेला गडी खाली उतरला. "मामी, एवढ्या नटून घरी कुठं निघाला?" त्याने दोन ट्रॅक्टर जीपच्या पुढे घेतले, बाकीचे मागे. कुणीतरी टेपवर हलगी लावली, अध्यक्षांनी उरलेला फेटा स्वतः मामांच्या डोक्याला बांधला, आणि माणसांच्या चालण्याच्या वेगाने वरात चौकात शिरली.

लगेच चारही रस्ते तुंबले. "आरं, चौक मोकळा करा रं!" मामा कासावीस झाले. शिट्टीसाठी त्यांचा हात गळ्याशी गेला. शिट्टी नव्हती.

"ऱ्हाऊ द्या की आज," मामी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मलकापूरला पुन्हा तासभर अडकले आणि पहिल्यांदाच चिडले नाही. मागच्या सीटवर द्राक्षांचा क्रेट होता. जायचं असेल तर द्राक्षांच्या हंगामात जा, टोपी न्या, घाई घरी ठेवा. साताऱ्याला पोचून मोबाईलमधला व्हिडिओ पुन्हा पाहिला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ, मामा सवयीने एका हाताने लोकांना बाजूला करताहेत. शेजारी मामी ओटीभर द्राक्षं घेऊन समोर बघत बसल्यात आणि त्यांच्या मुठीतून शिट्टीची दोरी लोंबते आहे.