दार लावा, गारवा जातोय

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी विचारायला नको – माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत निम्मं आयुष्य काढलेल्या बाईला भुतांची भीती उरत नाही, साहेबांची तेवढी उरते. इथले अनुभव मी रोज मेट्रोत वाचते आणि प्रत्येकाच्या शेवटी मनातल्या मनात 'कारण स्पष्ट करावे' असा शेरा मारते. आज तोच शेरा माझ्यावर मारा, माझी हरकत नाही. मला खरंच कारण हवंय.

आम्ही दिल्लीत मयूर विहार फेज वनला राहतो. घरात मी, नवरा मिलिंद आणि सासरे – त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना साताऱ्याकडचे, आर्मीत ड्रायव्हर होते. सगळा संसार कँटोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये झाला, मग नवरा-बायको दोघं कायमचे आमच्याकडे आले. सासूबाई, म्हणजे आई, गेल्या दिवाळीनंतर गेल्या.

आईंच्या राज्यात फ्रिजचं दार उघडं ठेवणं हा गुन्हा होता. पाण्याची बाटली काढायला म्हणून दार उघडावं, तर आतल्या खोलीतून आवाज यायचाच – "दार लावा, गारवा जातोय!" भिंतीपलीकडून त्यांना कळायचं कसं, देव जाणे. दुसरं म्हणजे दोऱ्या. मिठाईच्या खोक्याची असो की साडीच्या पार्सलची, त्या दोरी कधी फेकायच्या नाहीत. चार बोटांभोवती गुंडाळायच्या, टोक मधे खोचायच्या आणि ड्रॉवरमध्ये टाकायच्या. आमच्याकडे आजही तो ड्रॉवर नीट बंद होत नाही. आणि घरातून कुणीही गावाला निघालं की आई दही-साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या! तळहातावर दही पडल्याशिवाय चप्पल घालायची नाही. नानांना डायबिटीस, तरी त्यांनाही अर्धा चमचा मिळायचाच. "एवढ्यानं काही होत नाही, वाटेत बळ राहतं," म्हणायच्या.

नानांना रोज सकाळी इन्सुलिन लागतं. इंजेक्शन टोचलं की पोटात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर शुगर झपकन खाली येते आणि माणूस बसल्या जागी हातचा जातो. डॉक्टरांनी आम्हाला हे दहादा बजावलं होतं. आई होत्या तोवर त्या समोर बसून खायला घालायच्या. त्या गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं आणि माझ्या जिवाला घोर लागला, कारण नानांचं खाण्यावरून मनच उडालं होतं.

आता गाडीबद्दल. मिलिंदला चाळिशीनंतर कॅम्परचं वेड लागलं. एक सेकंडहँड व्हॅन घेतली आणि प्रत्येक सुट्टीत तिच्यात खुडबुड करून बेड, ओटा, सिंक आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज बसवला. आई-नानांना फिरवायचं हे त्याच्या मनात होतं. आई एकदाच आत चढल्या. फ्रिज उघडून पाहिला, लावला आणि म्हणाल्या, "दार घट्ट आहे हो. छान." पहिली ट्रिप व्हायच्या आधीच त्या गेल्या.

मग गाडी तशीच सोसायटीत धूळ खात उभी राहिली. जूनमध्ये मीच म्हटलं, नानांना घराबाहेर काढू या. लांब नको, गढमुक्तेश्वरला ब्रजघाटावर जाऊ, संध्याकाळी गंगेवर बसू, रात्री गाडीतच झोपू. नाना चक्क हो म्हणाले. मिलिंद तर लहान मुलासारखा खूश झाला.

निघायच्या सकाळी नानांनी इंजेक्शन घेतलं आणि पोह्यांची डिश घेऊन "गॅलरीत बसून खातो" म्हणाले. थोड्या वेळानं रिकामी डिश सिंकमध्ये दिसली. मला बरं वाटलं. दारातून निघताना आईंची वाटी घेऊन मी उभी राहिले... कुणीतरी राहायला हवं ना. मिलिंदनं हात पुढे केला. नानांनी मात्र मागे घेतला.

"राहू दे गं. आज नको."

मला वाटलं, आईंची आठवण आली असेल. आग्रह केला नाही. मिलिंदनं त्यांचा वाटासुद्धा चाटूनपुसून खाल्ला आणि मी वाटी घासून पालथी घातली. हे लक्षात ठेवा.

फ्रिजमध्ये मी ठेवलं होतं ते असं – पाण्याच्या बाटल्या, काकड्या, चटणी आणि स्टीलच्या डब्यात दही. दहीभातासाठी सकाळीच डब्यात काढलेलं साधं, नुसतं दही. चव घेऊन पाहिलं होतं, जरा आंबटच होतं. गाडीत साखर नव्हतीच. नानांमुळे आम्ही तिघंही चहा बिनसाखरेचा पितो.

अक्षरधामकडून हायवेला लागलो. इंदिरापुरम मागे पडतंय तोच मागून धाडकन आवाज आला. सीटमागचा पडदा सारून पाहिलं तर फ्रिजचं दार सताड उघडं आणि एक काकडी नानांच्या पायाशी.

"ती असती तर ओरडली असती," नाना हसून म्हणाले. बाजूच्या बाकावर बेल्ट लावून बसले होते, अगदी व्यवस्थित.

मिलिंदनं स्टिअरिंगवरून ओरडून सांगितलं, "अगं, कडी पहिल्या खाचेत राहिली असणार. दुसरीत घाल!"

ह्या फ्रिजच्या कडीला दोन खाचा असतात. गाडी पार्किंगमध्ये असली की पहिली – दार बोटभर उघडं राहतं, आत कुबट वास धरत नाही. प्रवासात दुसरी – मग खट् वाजतं आणि दार पक्कं बसतं. गाडी कित्येक महिने उभीच होती, तेव्हा चूक पटण्यासारखी होती. मी खट् करून घेतलं, वर दोनदा ओढून पाहिलं आणि पुढे येऊन बसले. नानांच्या डोळ्यांवर पुढचं ऊन नको म्हणून पडदा ओढून घेतला.

डासनाच्या पुढे पुन्हा तोच आवाज.

ह्या वेळी मला राग आला. रस्ता नवा, गुळगुळीत, एक खड्डा नाही. मागे गेले. दार उघडं, डबा पुढच्या कडेला सरकलेला. नाना बाकावर आडवे झाले होते, कमरेचा बेल्ट तसाच, तोंड भिंतीकडे.

"नाना, बरं वाटतंय ना?"

"झोपू दे जरा," ते पुटपुटले.

मी डबा आत ढकलला, खट् केलं आणि सामान बांधायची सुती दोरी फ्रिजभोवती फिरवून दोन गाठी मारल्या. माझ्या गाठी सुटत नाहीत – ऑफिसातले गठ्ठे मी बांधलेले असले तर शिपाई सरळ कात्री मागतो. पुढे येऊन मिलिंदला म्हटलं, "तुझं सुतारकाम आणि सरकारी काम, सारखंच!" तो जाम चिडला.

पिलखुवाच्या अलीकडे जाम लागला. पुढे ट्रक, मागे ट्रक, गाडी जागची हलेना. बाहेर भाजून काढणारं ऊन. आणि उभ्या गाडीत, कसलाही धक्का नसताना, मागे खट् वाजलं. मग माझ्या मानेवर गार हवा आली... एसीची नव्हे, एसी समोरून येत होता. पडद्याच्या फटीतून, मागून.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"राहू दे उघडं," मिलिंद म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "ढाब्यावर बघू. तू उठू नकोस, प्लीज."

खरं सांगते, मलाही उठायचं नव्हतं. पडद्यामागे जायची भीती वाटली. स्वतःच्याच गाडीत, भर दुपारी! मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसले. मग मागून धप्प आवाज आला. दार ओट्यावर आपटल्याचा. थोड्या वेळानं पुन्हा धप्प. मग आणखी जोरात. गाडी जागच्या जागी उभी होती आणि दार आपटत होतं. आणि त्यातच मला जाणवलं की एवढ्या आवाजात नाना एक शब्द बोलले नव्हते.

मी पडदा सारला.

दार आता स्थिर होतं, पूर्ण उघडं, आतला दिवा लागलेला. दह्याचा डबा अगदी कडेवर आलेला, आणखी बोटभर सरकला असता तर खाली पडला असता. दोरी फ्रिजभोवती नव्हती. ती ओट्यावर होती. चार बोटांभोवती गुंडाळलेली, टोक मधे खोचलेलं.

"नाना, तुम्ही सोडलीत का ही?" मी वळून विचारलं... आणि दोरी विसरले. नाना घामानं निथळत होते. एसीत! डोळे अर्धवट उघडे, बोटं थरथरत होती, बेल्ट अजून कमरेला. "हाँ हाँ, गाड़ी लगा दो... गाड़ी लगा दो," असं हिंदीत, कुणा भलत्याशीच बोलत होते.

"मिलिंद! नानांची शुगर गेली! साखर दे!"

"साखर कुठाय गाडीत?" तो रडवेला होऊन ओरडला. मग दार उघडून उतरला आणि ट्रकांमधून पलीकडच्या टपरीकडे धावला, कोल्ड्रिंक आणायला.

मी एकटी. बिस्किटाचा पुडा सापडेना, सापडला असता तरी चावणार कोण? हाताशी काय होतं, तर तो डबा. साध्या दह्यानं काय होणार, हे कळत होतं. पण नुसतं बघत बसवेना. नानांना भिंतीला टेकवून बसवलं आणि चमच्याच्या टोकानं दही जिभेवर लावलं. "गिळा, नाना. गिळा ना हो..." त्यांनी गिळलं. आणखी दिलं. मी रडत होते आणि भरवत होते. हळूहळू हातांची थरथर कमी झाली. डोळे माझ्यावर स्थिरावले.

"वैशाली... काय झालं गं, पोरी?"

मिलिंद बाटली घेऊन धापा टाकत आला, तेव्हा नाना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नीट मराठीत बोलत होते. वर कोल्ड्रिंकही पाजलं. जाम सुटल्यावर हापुडच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. डॉक्टरांनी शुगर तपासली, सलाईन लावलं आणि विचारलं, "पहले क्या दिया था?"

"दही. सादा दही."

"नहीं मैडम, सादे दही से इतनी जल्दी होश नहीं आता. उसमें चीनी रही होगी. अच्छा किया. थोड़ी और देर होती तो मुश्किल था."



पोहे नानांच्या पिशवीत सापडले, डब्यात भरलेले, जसेच्या तसे. त्या दिवशी संकष्टी होती. आई संकष्टी कडक करायच्या, चंद्र दिसेपर्यंत नुसतं पाणी. त्या गेल्यापासून नाना त्यांचा उपवास गुपचूप पुढे चालवत होते. आधीच्या वेळी घरात काहीबाही निभावलं होतं. ह्या वेळी इन्सुलिन घेऊन उपाशी प्रवासाला निघाले होते.

"माझ्यासाठी करायची ती," नाना मान खाली घालून म्हणाले. "मी बॉर्डरवर असल्यापासून. म्हणायची, तुम्ही धड परत यावं म्हणून. आता ती नाही, तर मोडून कसं चालेल?"

मिलिंद त्यांचा हात धरून हमसाहमशी रडला. आई गेल्या तेव्हा तो रडला नव्हता.

जरा वेळानं नाना मला म्हणाले, "दही चांगलं होतं हो. साखर मात्र जास्त घातलीस. तीपण अशीच सढळ हातानं घालायची."

मी उठून गाडीकडे गेले. डबा ओट्यावर तसाच होता, तळाशी थोडं दही शिल्लक.

मिलिंदकडे सगळ्याला उत्तर आहे. म्हणतो, कडी झिजली असणार. दोरी नानांनीच भ्रमात सोडली, इतक्या वर्षांच्या संसारात बायकोची सवय हाताला लागतेच. साखर तू सकाळी घाईत घातलीस आणि विसरलीस. बिल्कुल लॉजिकल. बेल्ट लावलेल्या, चमचासुद्धा धरता न येणाऱ्या माणसानं माझ्या गाठी कशा सोडल्या, हे विचारलं की तो गाडी पुसायला खाली जातो. कडी आम्ही बदललेली नाही. त्यानंतर पुष्कळ फिरलो, दार एकदाही उघडलं नाही. संकष्टीचा उपवास आता मी करते, नानांना समोर बसवून जेवू घातल्यावर. विश्वास नाही, तरी करते.

कडीचं मान्य. दोरीचंही एक वेळ मान्य करीन. पण दह्यात सकाळी घातलेली साखर दुपारपर्यंत विरघळून जाते, हे कुठल्याही बाईला विचारा. त्या दिवशी हापुडला गाडीत उभी राहून मी त्या डब्यात बोट बुडवून चाखलं, तेव्हा साखर दाताखाली करकरली.