बंदूकवाल्याचं घर

"देखो बेहनजी, खाली है."

रोज सकाळी दहाला पाच कमी असताना ते बंदूक मधोमध मोडून माझ्यासमोर धरायचे. मी दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड बघायचे आणि मान डोलवायचे. मगच ते पट्ट्यातली दोन्ही काडतुसं आत सारायचे आणि दाराशी स्टुलावर जाऊन बसायचे. संध्याकाळी काडतुसं बाहेर काढून पुन्हा तेच.

मी बँकेत ठेवींच्या काउंटरवर होते. बंदूक तपासणं काही माझ्या कामात बसत नव्हतं. पण माझं टेबल दाराजवळ, म्हणून ते माझ्याकडे यायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "भाईसाब, तुम्ही स्वतः बघितलंत ना? मग मला कशाला?"

"मी बघितलं ते मी बघितलं," ते म्हणाले. "दुसऱ्यानं पण बघायला पाहिजे."

असे बंदूकवाले तुम्हीही पाहिले असतील. बँकेच्या दारात खाकी स्वेटर घालून बसलेले, बंदूक मांडीवर आडवी. आपण पासबुक भरून घेतो आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर पडतो. मीही तेच केलं असतं. पण आमची शाखा बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून दोन गल्ल्यांवर. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं, दुपारी दोननंतर गिऱ्हाईक नसायचं. मी बोलघेवडी. आणि मला एक गोष्ट कळत नव्हती: माणसाच्या घरात बंदूक येते कुठून? आमच्या चाळीत कुणाकडे साधी लाठी नव्हती.

"आमच्या घरात ती माझ्या आधीपासून आहे," ते म्हणाले.

त्यांचं गाव हिमाचलात. सिमल्याच्या पुढं बसनं एक दिवस आणि मग पायी अर्धा दिवस. चाळीस-एक घरं, त्यांत दोनच बंदुका. परवाना वडिलांच्या नावावर, पिकाच्या राखणीसाठी. वडील गेले. थोरल्या भावाची नजर अधू, म्हणून परवाना यांच्या नावावर झाला. तेव्हा ते वीस वर्षांचे होते.

"मज्जा असेल ना?" मी विचारलं.

ते हसले. "बेहनजी, बंदूक माझी नव्हती. गावाची होती. फक्त ती टांगायची भिंत माझी."

मग तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. कुणाच्या शेतात अस्वल शिरलं की लोक यांच्या दारात. बिबट्यानं बकरी नेली, बंदूकवाल्याला उठवा. सासुरवाडीला दोन दिवस राहायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी सासऱ्याच्या अंगणात गावचा माणूस हजर, "चला, माकडं आलीत." दर तीन वर्षांनी परवान्यावर शिक्का मारून घ्यायला खाली तहसिलीत जायचं, साहेब रजेवर असला तर परत यायचं, पुन्हा जायचं. आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. ठाणं एका दिवसाच्या वाटेवर.

"आणि माकडांना समजतं," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "इकडे बंदूक ठाण्यात गेली की तिकडे सगळी टोळी मक्यात. मतमोजणी होईपर्यंत हलत नाहीत."

मी इतकी हसले की मॅनेजरांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"मग मुंबईला का आलात?" मी एकदा विचारलं. त्यांनी नळीवरून फडकं फिरवलं आणि म्हणाले, "नोकरी." खालून वर आलेल्या कुठल्याशा बँकवाल्यानं सांगितलं होतं, स्वतःची बंदूक असेल तर मुंबईत लगेच काम मिळतं. परवाना इथं चालावा म्हणून सिमल्याला चार खेपा घातल्या. उत्तर सरळ होतं, पण मला ते पटलं नाही.

मग तो जानेवारीतला दिवस आला.

साडेअकराच्या सुमाराला समोरच्या सोसायटीतून आरडाओरडा ऐकू आला. सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका धावत शाखेत शिरले. मिलमधून निवृत्त झालेले, आवाज अजून साच्याच्या खडखडाटावर मात करणारा.

"बिबटो! आमच्या मीटरच्या खोलयेत शिरलो! लोकांनी बघल्यानी. चल रे, बंदूक घेवन चल!"

भाईसाब उठले नाहीत. "फॉरेस्टवाल्यांना फोन करा," ते म्हणाले.

"केलो! ते येतत तवसर तो कोणाक तरी खायत. बंदूक कित्याक घेवन बसलंस मगे? शोभेक?"

मॅनेजर केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "शाखा सोडून जायचं नाही." दारात तोपर्यंत वीस-पंचवीस माणसं जमली होती. भाईसाबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, बंदूक मोडली, काडतुसं काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"सांभाळा," एवढंच म्हणाले आणि रिकामी बंदूक घेऊन निघाले. गर्दीला वाटलं, तिथं जाऊन खिशातली भरणार. फक्त मला माहीत होतं की त्यांच्याजवळ काहीच नाही. काडतुसं मॅनेजरांच्या हातात देऊन मीही मागोमाग धावले. का, ते अजून सांगता येत नाही.

मीटरची खोली जिन्याखाली. लोखंडी दार ओढून घेतलेलं, वरच्या बाजूला वीतभर जाळी. आत अंधार. आणि आत खरंच काहीतरी हललं, डबा पडल्यासारखा आवाज झाला. लोक दहा पावलं मागे सरले आणि तिथून ओरडू लागले. "जाळीतून नळ्या आत घाल आणि झाड!" "काय बघतोस? मार ना!" कुणीतरी दगडही मारला. भाईसाब वळले आणि दाराला पाठ लावून गर्दीकडे तोंड करून उभे राहिले.

"चूप. सगळे चूप."

इतक्या हळू आवाजात त्यांनी ते म्हटलं, तरी लोक गप्प झाले. मग ते दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "अंदर कौन है? बोलो!"

मागून हसण्याचा फवारा उडाला. "अरे, बिबट्याला नाव विचारतोय!" "रेशनकार्ड पण माग!"

त्यांनी ऐकलंच नाही जणू. दुसऱ्यांदा विचारलं. मग तिसऱ्यांदा, मराठीत, "कोण आहे? घाबरू नका. कोणी मारणार नाही."

जाळीतून अगदी बारीक आवाज आला. "मी हाय."

शांताबाई. सोसायटीचे जिने झाडायची, परबकाकांकडे भांडीही घासायची. झाडू ठेवायला खोलीत गेली, तेवढ्यात बिबट्या भिंतीच्या कडेनं चालत आलेला तिनं पाहिला. दार ओढून घेतलं आणि तिची वाचाच बसली. बाहेर "मार, मार" ऐकून तिला वाटलं जनावर दाराशीच आहे. ते केव्हाच भिंतीवरून उडी मारून परत गेलं होतं.

दार उघडलं तेव्हा ती मीटरांच्या खाली गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. परबकाका तिथंच पायरीवर बसले. मग भाईसाबांचे दोन्ही हात धरून ते नुसतेच हलवत राहिले.

दुपारी मी चहा घेऊन दाराशी गेले.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"नाही कळलं. मला वाटलं, तेंदुआच आहे."

"मग?"

त्यांनी मांडीवरची बंदूक उचलून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "आमचा मका माणसापेक्षा उंच होतो. सांजेला मक्यात आवाज झाला. लोक म्हणाले, भालू. मी पण म्हटलं, भालू. नाही विचारलं. आत भाभी होती, गवत कापत होती."

थोरल्या भावाची बायको. छर्रे उजव्या हातात शिरले. हात वाचला, दोन बोटं कायमची वाकडी झाली.

"कोणी काय बोललं नाही, बेहनजी. भाऊ नाही, भाभी नाही, पंचायत नाही. म्हणाले, होतं असं. आणि आठ दिवसांनी लोक परत दारात. चल, भालू आला." त्यांनी कप खाली ठेवला. "कोणी दोन थपडा मारल्या असत्या तर मी गावातच राहिलो असतो."

चार वाजता मॅनेजरांनी त्यांना मेमो दिला, विनापरवानगी शाखा सोडल्याबद्दल. इंग्रजीतला. मी वाचून अर्थ सांगितला. त्यांनी तो नीट घडी करून परवान्याच्या पुस्तकात ठेवला आणि विचारलं, "यावर शिक्का नाही मारला?"

त्यानंतर दोन वर्षांनी गावाकडून पत्र आलं. ते चाळिशी विसरले होते, म्हणून मीच वाचून दाखवलं. भाभीनं शाळामास्तरांकडून लिहून घेतलं होतं. गावातल्या दुसऱ्या बंदुकीचा म्हातारा मालक वारला होता, ती बंदूक पोलिसांकडे जमा झाली होती. आता चुलतभाऊ मागे लागला होता की ही बंदूक माझ्या नावावर करा. शेवटी लिहिलं होतं: "म्हाताऱ्याची बंदूक हातात आली की तो आवाजावरच झाडायचा. पोरं मक्यात खेळतात. पंचांनी सांगितलंय, बंदूक तरी पाठव, नाहीतर तू तरी ये."

पाच दिवस ते पत्र त्यांच्या खिशात होतं. बंदूक पाठवली तर नोकरी जाणार. गेले तर पुन्हा तीच भिंत, तेच दार, तीच हाक. मी म्हटलं, "भाईसाब, तुम्ही का जाताय? तुम्ही सुटलात ना तिथून?" खरं सांगायचं तर ते जाऊ नयेत असं मलाच वाटत होतं.

सहाव्या दिवशी त्यांनी राजीनामा माझ्याकडून लिहून घेतला.

"बंदूक एकटी नाही पाठवणार," ते म्हणाले.

परबकाका आणि शांताबाई दोघंही निरोपाला शाखेत आले होते. शांताबाईनं पुरणपोळ्या बांधून दिल्या. बंदूक दोन तुकडे करून कापडी पिशवीत, त्यावर वळकटी. एखादा माणूस छत्र्या दुरुस्त करायला निघालाय असं वाटावं, तसे ते रस्ता ओलांडून गेले.

त्या हिवाळ्यात एकच पोस्टकार्ड आलं. पुढं मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. कार्ड हिंदीत होतं, अक्षर मास्तरांचं. लिहिलं होतं: "बेहनजी, मका घरी आला. भालू दोनदा आला, ओरडून पळवला. या वर्षी बंदूक एकदाच वाजवली. आमच्याकडे मुलगा झाला तर वाजवतात. भाभीला नात झाली, मी वाजवली. सगळा गाव कुऱ्हाडी घेऊन धावत आला, भालू कुठं आहे, कुठं आहे म्हणत. भाभीनं पोरीला उचलून दाखवलं."