फौजदाराचं कंबरडं

माझ्या मोठ्या दिरांचा आधी पाय उठायचा, मग तोंड सुटायचं. ग्रिलं-गेटं जोडायचा धंदा, पायात लोखंडी टोकाचे बूट, आणि ते घरातही काढायचे नाहीत. जेवण गार लागलं की ताट भिंतीवर. भिंत पुसायला जाऊबाई वाकल्या की पाठीत लाथ. अंगावरचे वळ कुणी बघितले तर त्या म्हणायच्या, "मोरीत पाय घसरला." आमची मोरी निसरडी, हे पाहुण्यांनासुद्धा पाठ झालं होतं.

जाऊबाई पडदे शिवायच्या. मूलबाळ नाही. मशीनखाली एक बोका पसरलेला असायचा. मोठ्या मिशा, चालायचा तोऱ्यात, म्हणून नाव फौजदार. सकाळी देवापुढे दिवा लावला की आधी त्याच्या बशीत काहीतरी, मग स्वतःचा चहा.

तो फौजदार कुंथायला लागला. वाळूच्या टोपलीत पाठीची कमान करून बसायचा, किंचाळायचा, आणि बाहेर काही नाही. खाणं सुटलं, ओकाऱ्या सुरू झाल्या. जाऊबाईंनी एरंडेल आणलं. त्याला टॉवेलात आवळून जबडा उघडला, तर त्याने त्यांचं मनगट फाडलं. तेल अंगभर, टॉवेल रक्ताने लाल.

मी म्हटलं, "जाऊबाई, पुरे झालं. दवाखान्यात चला."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपलं. "एरंडेल? अहो, जबरदस्तीत ते फुप्फुसात गेलं असतं, तर आला नसता इथवर." मग एक्स-रे काढला. आतड्यात दगडासारखा मळ अडकलेला, आणि तिथेच कंबरेचं हाड मोडून वाकडं जुळलेलं. बाहेर पडायची वाटच चेपली होती.

"हा कधी गाडीखाली आला होता का?"

"मोरीत..." जाऊबाई बोलल्या आणि थांबल्या. मांजर मोरीत घसरून पडलं, असं त्यांनाही म्हणवेना. "लाथ बसली होती," त्या म्हणाल्या. "भिंतीवर आपटला. कपाटाखालून बरेच दिवस निघाला नाही."

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, भूल दिली. मागून कोमट पाणी सोडलं, हातमोजा चढवला, एका हाताने पोट दाबत दुसऱ्या हाताच्या बोटाने ती ढेकळं फोडून ओढून काढली. घाण वास, मध्येच रक्त. मी भिंतीकडे तोंड करून देवाचं नाव घेत होते. जाऊबाई मात्र त्याचं डोकं धरून उभ्या.

"मळ मऊ ठेवायचं औषध आता जन्मभर," हात धुताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या हाडावर आणखी एक लाथ बसली तर मी काही करू शकणार नाही. कुठे नेताय ते बघा."

एवढ्यात दीर दारात. शेजारणीने सांगितलं असणार.

"नवरा उपाशी, आणि ही मांजराचं ढुंगण धुतेय!" त्यांनी बाकड्याला लाथ घातली. जाऊबाई पुढे झाल्या, तशी कानाखाली वाजवली. ओठ फुटला. मग त्यांनी टेबलावरच्या गुंगीतल्या बोक्याची मानगूट धरली. "आज याला संपवतोच!"

जाऊबाईंनी त्यांच्या अंगठ्यात दात रोवले. दीर दुसऱ्या हाताने त्यांच्या डोक्यात बुक्क्या घालत होते, शिव्या देत होते, पण दात सुटेनात. हात सैल पडला तसा मी बोका ओढून घेतला. कुत्रं घेऊन आलेल्या एका दांडग्या गृहस्थांनी दिरांना मागून कवेत धरून बाहेर काढलं आणि दार लावलं.

जाऊबाई रक्त थुंकल्या. ते कुणाचं, देव जाणे. म्हणाल्या, "बाई, माझाही फोटो काढा."

"अहो, हे जनावरांचं मशीन आहे."

"असू दे. बूट तोच आहे."

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या गाडीतून त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एक्स-रेत फासळ्या दिसल्या, जुन्या मोडलेल्या. कशाने मोडल्या ते जाऊबाईंनी सांगितलं. पोलिसांनाही तेच सांगितलं, माझ्यासमोर.

आता त्या पडद्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत राहतात. बोका आहे. रोज औषध पाजावं लागतं, रोज ओरबाडतो.

सासूबाई म्हणतात, मांजरापायी संसार मोडला. देवापुढे हात जोडते तेव्हा मी दिरांसाठीही सद्बुद्धी मागते. पण त्यांनी जाऊबाईंचा पत्ता विचारला की मुकाट्याने दार लावून घेते.